घरातलं ऑफिस आणि बारकंसारकं सामान: पेनं, कागद, पिना, फायली तुम्ही कुठे ठेवता?

पुणे, अनुवादाचं काम (धागा उघडणारी)

करोनाच्या काळात जेवणाच्या टेबलाच्या कडेला मांडलेलं ऑफिस बऱ्याच घरांत आता कायमचं झालंय. लॅपटॉपला जागा फार लागत नाही. जागा खातात त्या त्याच्या भोवतीच्या वस्तू: स्टेपलर, पंचिंग मशीन, रिफिली, डिंक, पाकिटं, कोरे कागद, अर्धी वापरलेली रजिस्टरं, शाईपॅड. अप्पा बळवंत चौकातून आणताना पिशवीभर वाटतं आणि घरी आलं की दोन खण भरतात.

याचे देखणे फोटो पुष्कळ पाहून झाले. एकसारख्या काचेच्या बरण्या, रंगवार लावलेली पेनं, पांढऱ्याशुभ्र फळ्या. त्या फोटोंत जुलै महिना नसतो आणि कात्री नेऊन परत न आणणारी माणसंही नसतात. म्हणून तुमचे खरे अनुभव हवेत. राहता कुठे, हवा कशी, जागा किती आणि तुमच्या टेबलावर कुणाकुणाचा हात पडतो हे आधी सांगा. मग काय टिकलं आणि काय नाही ते.

माझी वाटणी हाताच्या अंतरावर आहे. रोजचं सामान बसल्या जागी हात पोचेल तिथे: दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर, पाठकोरे कागद. अधूनमधून लागतं ते उजव्या खणात. क्वचित लागतं ते, म्हणजे पासपोर्ट फोटो, मोठी पाकिटं, रेव्हेन्यू स्टॅम्प, कपाटाच्या वरच्या फळीवर साडीच्या खोक्यात. (५,००० रुपयांवरच्या पावतीला १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, हे घरभाड्याच्या पावत्या जमा करायच्या आदल्या रात्रीच आठवतं.) खणात एकावर एक थर लावत नाही, कारण तळाला गेलेली वस्तू पुन्हा विकत आणली जाते. पाकिटं, पॅड, चिकटचिठ्ठ्या सगळं उभं. खण ओढला की वरून प्रत्येकाची कड दिसली पाहिजे.

आता तुम्ही सांगा.

ठाणे, गृहनिर्माण संस्थेचा सचिव

आमच्या संस्थेला ऑफिस आहे, नकाशात. प्रत्यक्षात तिथे पंप आणि वॉचमनची खाट आहे. त्यामुळे संस्थेचं ऑफिस म्हणजे माझ्या हॉलमधलं पत्र्याचं कपाट. त्यात ‘आय’ नमुन्याचं सभासद रजिस्टर, ‘जे’ नमुन्याची यादी, इतिवृत्ताची वही, नामनिर्देशनाचे अर्ज, पावतीपुस्तकं, लेटरहेड आणि शिक्के. घरच्या सामानाला या कपाटात प्रवेश नाही. एकदा पाहुण्या भाच्याने लेटरहेडवर विमान काढलं, तेव्हापासून कुलूप.

शिक्का आणि लेटरहेड एका फळीवर ठेवत नाही. शिक्का माझ्या बेडरूममध्ये, लेटरहेड हॉलमध्ये. दोन्ही एकत्र सापडली तर ना-हरकत पत्र कुणीही तयार करील. लेटरहेडच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने अनुक्रमांक टाकतो. पावतीपुस्तकं छापून आली की सगळे नंबर उलटून बघतो, मगच कपाटात ठेवतो. छपाईत एखादा नंबर गाळला गेला असेल तर लेखापरीक्षकाला ते पान कुठे गेलं हे सांगताना घाम फुटतो.

शाईपॅड उलटं ठेवावं, गादीचं तोंड खाली. शाई तळाशी बसते ती त्यामुळे कामाच्या बाजूला उतरते. शिक्का मात्र आडवा ठेवायचा. रबरावर उभा ठेवला तर ते दबतं आणि ‘सचिव’ची अक्षरं फताडी उमटतात. मारून झालं की रद्दी कागदावर दोनतीनदा टेकवून शाई काढून टाकायची, नाहीतर अक्षरांच्या पोटात ती सुकते आणि ‘स’ कायमचा भरून जातो.

पिनांचं सांगतो. घरात दोन स्टेपलर आहेत, एकाला नंबर १० च्या पिना लागतात, दुसऱ्याला २४/६ च्या. एका डबीत टाकल्या की भांडण ठरलेलं. मोठ्या स्टेपलरच्या पोटाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि २४/६ च्या खोक्यालाही तसाच. आता विचारायला कुणी येत नाही.

पुढच्या निवडणुकीत सचिव बदलला तर हे कपाट दुसऱ्याच्या घरी जाईल. दाराच्या आतल्या बाजूला कोणत्या फळीवर काय आहे याची यादी चिकटवून ठेवलीय. तशी सगळ्यांनीच ठेवावी. माणूस आजारी पडला तरी घरच्यांना कागद सापडतात.

चिपळूण, विमा प्रतिनिधी

घर दुमजली, ऑफिस खालच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात कसं शिरलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी पुराची गोष्ट सांगत नाही. कागदाचं आणि सामानाचं काय झालं तेवढं सांगतो, कारण आताची माझी मांडणी त्यावरूनच ठरली.

पाणी उतरल्यावर पहिली अडचण खण उघडण्याची. भिजलेला कागद फुगतो, आणि गच्च भरलेला खण आतून असा आवळला जातो की ओढून येत नाही. पहारीने पत्रा वाकवावा लागला. तेव्हापासून कोणताही खण काठोकाठ भरत नाही, चार बोटं जागा सोडतो.

कागदांत फरक फार होता. साध्या बॉलपेनने भरलेले अर्ज वाचता आले. शाईच्या पेनाचं बरंचसं वाहून गेलं. इंकजेट प्रिंटरवर काढलेली पानं निळीजांभळी झाली. झेरॉक्स आणि लेझर प्रिंट मात्र चिखल धुतल्यावर जसेच्या तसे. चकचकीत कागदाची माहितीपत्रकं वाळताना एकमेकांना अशी धरली की पूर्ण गठ्ठे फेकले. स्टेपल केलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर गंज. प्लॅस्टिकच्या फोल्डरांत पाणी वरून शिरलं आणि आतच राहिलं, त्यामुळे उघड्या फायलींपेक्षा त्यांतले कागद जास्त सडले.

वाचलं काय? घट्ट झाकणाचे डबे. बायकोने त्यांत मुलांच्या जुन्या वह्या भरल्या होत्या. डबे तरंगले, पाणी उतरल्यावर एक खिडकीच्या गजांत अडकलेला सापडला. आतल्या वह्या कोरड्या, त्यांत एक चौथीची निबंधाची वही. माझी पॉलिसी रजिस्टरं गेली आणि ‘माझा आवडता प्राणी’ वाचला.

आता असं आहे. जमिनीलगतच्या फळीवर फक्त रिकामी खोकी आणि पाकिटांचे सीलबंद गठ्ठे. गेले तर गेले. मधल्या फळ्यांवर रोजचं. मूळ कागद वरच्या मजल्यावर, रबरी रिंग असलेल्या झाकणाच्या डब्यांत. डबा किती मोठा घ्यायचा हे वजनावरून ठरवलं. ए-४ कागदाचं ७५ जीएसएमचं एक रिम, म्हणजे ५०० पानं, सुमारे २.३ किलोचं. पाच रिमं मावतील असा डबा कागदांनी भरला की बारा किलोच्या घरात जातो. यापेक्षा जड डबा माझ्या आईला जिन्यावरून नेता येणार नाही, आणि त्या दिवशी घरी आईच होती.

प्रत्येक डब्यावर आकडा लिहिलाय, १ पासून. पाणी वाढायला लागलं तर आकड्याच्या क्रमाने उचलायचे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात जेलपेन बंद केलंय, सह्यांना बॉलपेनच.

नाशिक

चिपळूणचे दादा, भिजलेले कागद तुम्ही वाळवले कसे? आमच्याकडे नुसती टाकी फुटली तरी घबराट झाली होती.

चिपळूण, विमा प्रतिनिधी

ओले असताना पानं सुटी करायला जाऊ नका, फाटतात. गठ्ठा तसाच उचलून आडवा ठेवायचा, अधूनमधून कोरा शोषणारा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. ऊन नको, पंख्याचा वारा पुरे. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात सगळं वाळणार नसेल तर उरलेले गठ्ठे पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायचे आणि सवडीने थोडे थोडे काढायचे. आमच्याकडे तेव्हा वीजच नव्हती, म्हणून महत्त्वाचे गठ्ठे कराडला बहिणीच्या फ्रीजरमध्ये गेले. तिने भाज्या बाहेर काढल्या आणि अजून ऐकवते.

नागपूर, जीएसटी आणि आयकराची कामं

आमचं दुखणं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, त्यात माझं ऑफिस म्हणजे गच्चीखालची मागची खोली. रबरबँड महिनाभरात चिकट होऊन फाइलीवर पिवळा पट्टा सोडतात. सेलोटेपच्या कडेने चिकटा बाहेर येतो आणि त्याला खोलीतली सगळी धूळ लागते. व्हाइटनर दगड. डिंकाची कांडी टोपण लावूनही आतून आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात या चार वस्तू जास्त आणायच्याच नाहीत. रबरबँडऐवजी सुती नाडी. कागद कापत नाही आणि वितळतही नाही.

खरी गंमत कुलर सुरू झाल्यावर. बाहेर हवा कोरडीठाक, खोलीत मात्र कुलरच्या ताट्यांची ओल. कागद पापडासारखा वळतो, प्रिंटर दोन-दोन पानं ओढतो आणि आयकराच्या दिवसांत नेमका अडकतो. दुरुस्तीवाला येऊन रोलर पुसून पैसे घेऊन जायचा. शेवटी त्याच्या हाताखालच्या पोरानेच सांगितलं, भाऊ, कागद बघा. रिमचं वेष्टन साधा कागद नसतो, त्याला आतून ओल अडवणारा थर असतो. आम्ही ते टराटरा फाडून रिम उघडं टाकत होतो. आता वेष्टन एका टोकाने कापतो, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घालतो, बाकीचं रिम वेष्टनासकट झाकणाच्या डब्यात. प्रिंटरही कुलरच्या झोतातून हलवला. कागद अडकणं जवळपास थांबलं.

फायलींवर मी वर्षाच्या जोडीला ‘रद्दीत टाकायची तारीख’ लिहितो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. वर्ष लिहिलं की दरवेळी मनात गणित करावं लागतं; तारीख लिहिली की दिवाळीच्या साफसफाईत मुलगाही खोकं उचलून देतो. प्रकरण अपिलात असेल तर त्या खोक्यावर लाल काट, ते हलवायचं नाही.

आणखी एक. पेट्रोल पंपाच्या, हॉटेलच्या त्या गुळगुळीत पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात. आमच्या उन्हाळ्यात कोऱ्या होतात. आल्या दिवशी झेरॉक्स काढून मूळ पावती तिच्या मागे लावतो. मऊ, रबरासारख्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये त्या आणखी लवकर पुसट होतात. त्याच पाऊचमध्ये लेझर प्रिंट बरेच महिने राहिला तर अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून येतात, कागदावर अर्धी राहतात. हाताळताना कुरकुर वाजणारे, थोडे कडक पाऊच घ्या. ते पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना हा रोग नाही.

पुणे, शाईचं पेन वापरणारी

शाईची पेनं स्टँडमध्ये निब वर करून. खाली केली तर शाई टोपणात उतरते. महिनाभर हात लागणार नसेल तर धुऊन, सुकवून, रिकामं ठेवायचं. दौती त्यांच्या मूळ खोक्यात, अंधारात, कारण उजेडाने शाईचा रंग उडतो. पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतायची नाही. एका थेंबातली घाण सगळी दौत नासवते.

बोर्डावर लिहायचे मार्कर आणि हायलायटर आडवे ठेवा. उभे ठेवले की एक टोक कोरडं पडतं आणि आपण नवा आणतो.

जाता जाता: कॅम्लिनची सुरुवात १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासूनच केली, तेव्हा पुडी किंवा वडी पाण्यात विरघळवून शाई घरी करायची पद्धत होती. आमच्या घरात अशी वड्यांची एक पत्र्याची डबी आहे. तिचं बिजागर इतकं घट्ट आहे की माझी सुटी निबं तिच्यातच राहतात.

कोल्हापूर, चित्रकलेच्या शिकवण्या

माझ्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं बसतात, त्यामुळे सामान माझं असलं तरी हात पंधरा जणांचे. पोरांच्या हाती लागेल तेच टिकतं, असा नियम करून टाकलाय. झाकणाचा डबा असेल तर झाकण हरवतं, म्हणून उघडे ट्रे. पेन्सिली पत्र्याच्या डब्यात टोकं वर. एचबी, २बी, ४बी, ६बी असे चार डबे. डबा टेबलाच्या कडेला ठेवत नाही. पेन्सिल एकदा फरशीवर पडली की शिसं आतल्या आत तुटतं आणि तासताना प्रत्येक वेळी टोक गळून पडतं. पोरं शार्पनरला शिव्या देतात.

खोडरबराचा कागदी अंगरखा काढू नका हो. पोरं पहिलं काम तेच करतात. पांढरं मऊ खोडरबर उघडं होऊन प्लॅस्टिकच्या पट्टीला किंवा कंपासच्या डबीला टेकून राहिलं की दोन्ही एकमेकांत विरघळतात. पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणांच्या जागी खड्डा पडतो.

ब्रश धुऊन, केसांना बोटांनी टोक काढून, आडवे फडक्यावर सुकवायचे, सुकल्यावर केस वर करून उभे. पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा राहिलेला ब्रश रात्रभरात वाकतो आणि तो बाक जात नाही. पोस्टर कलरच्या बाटल्यांत रविवारी दोन थेंब पाणी टाकून झाकणाच्या आट्या पुसून घेतो. आट्यांत रंग सुकला तर बाटली पक्कडीशिवाय उघडत नाही.

कागद हा माझा जिवाचा विषय. हाफ इम्पीरिअल म्हणजे १५ बाय २२ इंच. गुंडाळी केली तर पाटीवर तो सरळ बसायचा नाही. प्लायवुडच्या दोन तुकड्यांत आडवा दाबून पलंगाखाली ठेवतो, प्लायवुडखाली विटा, कारण फरशी पुसताना पाणी आत जातं. कसरीला कागदावरची खळ आवडते. डांबरगोळ्यांचा वास बंद खोलीत पोरांना सोसत नाही, म्हणून वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधूनच एवढी वर्षं राहिले. कापडातून हवा खेळते.

सोलापूर, वकील

आमच्या धंद्यात सामान जुन्या वळणाचं आहे: दाभण, दोरा, टॅग, लाल फीत, कोब्रा फाइल. पंचिंग मशीन पंधरा-वीस पानांपुढे दमतं. शंभर पानांच्या दाव्याला दाभणच.

दाभण ठेवायचं कुठे? खणात सुटं असेल तर बोटात शिरतं. माझ्या कारकुनाने जाड मेणबत्तीचा तुकडा आणला आणि दाभण त्यात खुपसलं. टोक झाकलं जातं, गंज चढत नाही, आणि मेण लागलेलं असल्यामुळे गठ्ठ्यातून सरकन पार होतं. दोराही त्याच मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा. गाठ सुटत नाही. मेणबत्ती श्रीखंडाच्या डब्यात, डबा टेबलाच्या डाव्या खणात. बघणाऱ्याला वाटतं वकीलसाहेबांकडे दिवे जातात.

कागदाच्या मापांचा घोळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए-४ वर, दोन्ही बाजूंनी छापून, कागद घ्यायला सुरुवात केली. आमच्या टेबलावर मात्र लांब लीगल कागद अजून आहे, कारण जुनी प्रकरणं त्याच मापात आहेत. ए-४ ची लांबी २९७ मिलिमीटर, लीगलची ३५६. ए-४ च्या मापाचे ट्रे आणले तर लीगलची शेंडी बाहेर लोंबते आणि दुमडते. ट्रे मोठेच घ्या. लहान कागद मोठ्या ट्रेत राहतो, उलटं होत नाही.

सांगली, निवृत्त शिक्षक

पाठकोऱ्या कागदांबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या पिढीला एका बाजूने कोरा कागद टाकवत नाही. पत्रिका, परिपत्रकं, बँकेची पत्रं, नातवाच्या शाळेचे प्रिंट, सगळं जमतं आणि मग त्याचाच ढीग होतो. मी आता आल्या कागदाला तीन प्रश्न विचारतो. त्यावर कुणाचं नाव, खातं किंवा आधार क्रमांक आहे? असेल तर फाडायचा. दुमडलेला किंवा चुरगळलेला आहे? असेल तर रद्दीत. पिन आहे? असेल तर काढायची. उरलेले अर्धे कापून, डोक्याला डिंक लावून, रात्रभर शब्दकोशाखाली दाबले की पॅड तयार.

पहिला प्रश्न मी आग्रहाने सांगतो. किराणा दुकानदाराला यादी लिहून दिली आणि मागे सौभाग्यवतींच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, असं आमच्या आळीतच घडलं.

पावसाळ्यात कोरी पाकिटं आपोआप बंद होतात. गोंदाच्या पट्टीवर ओल बसते. पट्टीखाली बटरपेपरची चिंधी सरकवून ठेवावी. पोस्टाची तिकिटंही एकमेकांवर ठेवताना मध्ये तोच कागद घालावा.

न्यू जर्सी

इथे वेगळीच कसरत. अमेरिकेचा लेटर कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ए-४ पेक्षा थोडा रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. भारतातून आलेली जन्मदाखले, सातबारा, गुणपत्रिका, घराची कागदपत्रं इथल्या फोल्डरमधून डोकं काढतात आणि त्या डोक्यालाच शिक्का असतो. वरची कड दुमडून दुमडून माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राला तिथेच चीर गेली. भोकंही जुळत नाहीत. आपली फाइल दोन भोकांची, इथले बाइंडर तीन कड्यांचे.

पुण्याहून येताना आता मी चिवडा कमी आणि फायली जास्त आणते. बॅगेत त्यांचं वजन होतं, पण भारताचे कागद भारताच्या फायलीत, इथले इथल्या. एकाच ड्रॉवरमध्ये लीगल मापाची लटकती फोल्डरं लावली आहेत. त्यांत दोन्ही देश मावतात. आई व्हिडिओ कॉलवर “तो निळ्या फाइलीतला कागद” म्हणते तेव्हा तिच्याकडेही तशीच निळी फाइल असावी म्हणून दोन-दोन एकाच रंगाच्या घेतल्या.

म्हापसा, गोवा

जून ते सप्टेंबर आमच्याकडे चामड्याच्या फोल्डरला केस येतात. जुन्या घरात वडील कागदांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. बल्ब नावाला झिरो. तो बारा-पंधरा वॅट खायचा आणि त्याच्या उबेने कपाट कोरडं राहायचं. आता त्याच जागी एलईडी लावून लोक विचारतात, बुरशी का आली? त्याला ऊबच नाही. आणि जुना बल्ब कागदाजवळ ठेवणंही धोक्याचं होतं, जाळी लावावी लागे.

सध्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो, पण त्या लवकर भरतात. कुणी परत वापरात आणल्यात का?

पुणे, अंध, दूरध्वनीवरून सल्ला देण्याचं काम

माझ्या टेबलावर दृष्टी चालत नाही, जागा चालते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि ट्रेला कडा उंच, म्हणजे हात फिरवताना काही खाली घरंगळत नाही. घरातल्यांनी “आवरून ठेवलं” की माझा अर्धा दिवस जातो. आवरायचं असेल तर मला विचारून, हा आमच्याकडे एकमेव कडक नियम.

दुसऱ्याकडून सही घ्यायची पेनं लागतात. निळ्याला एक रबरबँड, काळ्याला दोन, लाल साधं. नागपूरकरांचं वाचून दोऱ्याच्या गाठी माराव्यात असं वाटतंय. पाकिटांच्या मापांसाठी कपाटाच्या फळीवर ब्रेलच्या चिकटपट्ट्या आहेत.

ब्रेलचे कागद जाड असतात आणि त्यांचा गठ्ठा कधीही आडवा रचू नये. वजनाने टिंबं दबतात आणि मजकूर हळूहळू गुळगुळीत होतो. उभे ठेवायचे, तेही आवळून नव्हे. लिहायची पाटी आणि टोचणी एकाच कापडी पिशवीत, पिशवी खुर्चीच्या उजव्या हाताला टांगलेली. टोचणी एकदा गडगडली की ती शोधणं म्हणजे सगळी खोली पालथी घालणं.

डोंबिवली, वन बीएचके, आयटी

टेबल नाहीच. पलंगाच्या खोक्यातला एक कप्पा आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली तीन खणांची चाकाची ट्रॉली. कांदे-बटाट्यांच्या खणाला जाळी होती, तिच्यातून पेनं खाली पडायची, म्हणून पुठ्ठा टाकला. सकाळी ट्रॉली खिडकीपाशी, रात्री फ्रिजशेजारी.

कात्री ट्रॉलीला मीटरभर नाडीने बांधली आहे. दूधपिशवी कापायला न्यायची असेल तर ट्रॉलीसकट न्या.

रत्नागिरी

म्हापशाच्या दादांसाठी. सिलिका जेल परत वापरता येतं. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे असतील तर ओल धरली की गुलाबी होतात, नारिंगी असतील तर हिरवट. नारिंगीच घ्या; निळ्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात तापवणं बरं नाही. पिशवी प्लॅस्टिकची असेल तर दाणे काढून पत्र्याच्या ताटलीत पसरायचे आणि छोट्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीडदोन तास. रंग परत आला की गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचे, नाहीतर थंड होईपर्यंत आमच्या हवेतली ओल पुन्हा शोषतात. ताटली वेगळी ठेवा, तिच्यात पुन्हा नानकटाई नको. कपाटाचं दार मात्र सैल असेल तर कितीही दाणे ठेवा, उपयोग नाही. आधी दाराला रबरी पट्टी लावा.

आणि चिपळूणकर, त्या रबरी रिंगच्या डब्यांची लांबी-रुंदी कळवाल का? आमच्या माळ्याचं दार जेमतेम १८ इंच आहे.